मागच्या सीटवरचं इंग्रजी

"इंग्लिश शाळेची हाय म्हणं. पण गाडीला काय सांगना झालीय."

मागच्या सीटवरून आलेलं हे वाक्य कुजबूज म्हणून उच्चारलेलं होतं. कोल्हापुरातली कुजबूज दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाते, आणि मी तर पुढच्याच सीटवर, स्टेअरिंग घट्ट धरून बसले होते. ताराराणी चौकातला सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला होता. ड्रायव्हिंग स्कूलची मारुती बंद पडली होती. मागे खच्चून प्रवासी भरलेली एक वडाप रिक्षा, एक दुधाचा टेम्पो आणि एक एसटी अशी वरात जमली होती. शेजारी बसलेले मास्तर स्वतःच्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून वाट बघत होते.

"ताई, काय झालं सांगा."

काय झालं ते मला माहीत होतं. क्लच लवकर सोडला, म्हणून इंजिन स्टॉल झालं. हे वाक्य इंग्रजीत, योग्य त्या काळात, माझ्या डोक्यात तयार होतं. ते तिथंच राहिलं.

"तोंडानं सांगा की. मनातल्या मनात बोलून गाडी चालू व्हती व्हय?"

एसटीवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. शेवटी मास्तरांनीच डावीकडून हात घालून किल्ली फिरवली, आपल्या बाजूच्या क्लचवर पाय ठेवला आणि गाडी चौकातून बाहेर काढली. मी स्टेअरिंग धरून बसले होते, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की मीच चालवतेय.

मास्तरांचा एक नियम होता. तो बाहेरच्या पाटीवर लिहिलेला नव्हता, नाहीतर मी तिथं नावच घातलं नसतं. एका वेळी गाडीत चौघं बसायची. एकजण चालवणार, शेजारी मास्तर, आणि मागं दोघं आपली पाळी येईपर्यंत बघत बसणार. चालवणाऱ्यानं जे दिसेल ते आणि जे करायचं ते मोठ्यानं बोलत गाडी चालवायची. 'पुढं सायकल हाय, हॉर्न देतो, रेस कमी करतो, सेकंड टाकतो.' मास्तरांचं म्हणणं असं की माणूस बोलला म्हणजे त्याला काय दिसलंय आणि काय दिसलं नाही ते कळतं. गप्प बसणाऱ्याचा पाय ब्रेकवर आहे की हवेत, हे कोण सांगणार? मागच्या दोघांना टीका करायची पूर्ण मुभा असे. ती मुभा ते मनापासून वापरत.

पाहुणे आले की पाण्याचा तांब्या घेऊन आईला पुढं करणारी मी, मला हे म्हणजे भर चौकात गाणं म्हणायला लावल्यासारखं होतं. मी ओठ हलवायचे. मास्तर कान पुढं करायचे. मग मागून आवाज यायचा, "काय म्हणाली?"

मी तिथं पोचले ते बाबांमुळे. निवृत्त होताना त्यांनी एक वापरलेली मारुती घेतली. नारळ फोडला, पेढे वाटले, आणि तिसऱ्या दिवशी ती अपार्टमेंटच्या पाण्याच्या टाकीला नेऊन टेकवली. मग ते शांतपणे खाली उतरले, किल्ली आईच्या हातात दिली आणि पुन्हा कधी स्टेअरिंगला शिवले नाहीत. आईनं किल्ली देवघरात ठेवली. घरात इंग्रजी माध्यमात शिकलेली मी एकटीच. गाडी ही मुळात इंग्रजी वस्तू, तेव्हा ती मलाच येणार, असं एका रविवारी माझ्या गैरहजेरीत ठरलं. मी नुकतीच शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात लागले होते. परदेशी गिऱ्हाइकांना इंग्रजी पत्रं लिहिणं हे माझं काम. लिहायला मला काहीच अडचण नव्हती. पत्रातलं गिऱ्हाईक समोर उभं नसतं.

नाव घालण्याआधी मी अभ्यास केला होता. अभ्यास केल्याशिवाय मी भाजीवाल्याला भावही विचारत नसे. वाचनालयातून गाडी चालवण्यावरचं एक पुस्तक आणलं. ते इंग्लंडात छापलेलं होतं. त्यातून मी कर्ब शिकले, राउंडअबाउट शिकले, राइट ऑफ वे शिकले. त्यातल्या एका चित्रात रस्त्यावर एक मोटार, एक म्हातारी आणि एक कुत्रं होतं, आणि कुत्र्याच्या गळ्यात पट्टा होता. मी ते पुस्तक दोनदा वाचलं आणि स्वतःला तयार समजले.

पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, "स्टेपनी डिकीत हाय, बघून घ्या." या वाक्यातला मला फक्त 'हाय' कळला. मी मान हलवली. घरी येऊन शब्दकोश काढला. स्टेपनी त्यात नव्हती. डिकीही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या धुक्यात समोरून ट्रक आला तेव्हा मास्तर म्हणाले, "डिपर मारा." मी डिपर नावाची वस्तू शोधायला समोरच्या फळीखाली वाकले. मास्तरांनी एका हातानं स्टेअरिंग धरलं, दुसऱ्या हातानं दिव्याचा खटका दोनदा वरखाली केला आणि मला म्हणाले, "वर या, ताई. खाली काय न्हाय."

मग मी वही केली. डावीकडं पुस्तकातला शब्द, उजवीकडं रस्त्यावरचा. ॲक्सिलरेटरसमोर 'रेस' लिहिलं. हेडलाइट उघडझाप करण्यासमोर 'डिपर'. चौथ्या गिअरसमोर 'टॉप'. गिव्ह वे याच्यासमोर 'साईड दे की'. रिव्हर्स पार्किंगसाठी पुस्तकात दीड पान होतं, त्यासमोर मी लिहिलं: 'येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बास.' काही शब्दांना डावीकडं काहीच सापडेना. कोणी अगदी घासून पुढं गेला की त्यानं 'कट मारला'. चढावर गाडी मागं न घसरू देता तोलून धरायची म्हणजे 'हाफ क्लचवर धरायची'. बारा वर्षं इंग्रजी शाळेत घालवून मी आता चौथी-पाचवी शिकलेल्या माणसांकडून इंग्रजी शिकत होते. ते माझ्या तोंडून निघत नव्हतं आणि त्यांच्या तोंडात ते भाकरीच्या तुकड्यासारखं सहज फिरत होतं.

मागच्या सीटवरचं ते पहिलं वाक्य होतं काकींचं. काकी म्हणजे माझ्या बॅचमधल्या, पंचेचाळिशीच्या, रुंद कपाळाच्या. चप्पल काढून अनवाणी गाडी चालवायच्या. पायाला क्लच कळला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्या उद्यमनगरच्या मागं राहायच्या आणि एमआयडीसीतल्या कामगारांना जेवणाचे डबे पुरवायच्या. डब्यांची व्हॅन त्यांचे यजमान चालवत. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली. मग एक पगारी ड्रायव्हर ठेवला, पण तो महिनाअखेरीला स्वतःची रिक्षा घेऊन निघून जाणार होता. ज्या फाउंड्रीत सगळ्यात जास्त डबे जात, तिच्या फाटकावर चालवणाऱ्याचं पक्कं लायसन बघितल्याशिवाय गाडी आत सोडत नसत.

हे सगळं काकींनी मला चौकातल्या त्या प्रसंगानंतर लगेचच सांगितलं, जणू मघाशी त्या माझ्याबद्दल काही बोलल्याच नव्हत्या.

"एक तारखेला माझ्या हातात लायसन नसलं, तर डबं फाटकाभाईर. डबं भाईर, तर चूल बंद. मग व्हॅन इकायची आन् दुसऱ्याच्या घरात पोळ्या लाटायला जायचं. मी ह्यास्नी सांगून ठेवलंय."

कोल्हापूरच्या कितीतरी बायकांसारख्या काकी 'मी जातो, मी करतो' असंच बोलत. गाडी चालवताना तर त्यांच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असे. "म्हस आली. म्हशीमागं रेडकू असतंय, रेडकू दिसंना, थांबतो. आलं बगा रेडकू. जा बाळा. आता फस्ट टाकतो." मास्तर डोळे मिटून बसले तरी चाललं असतं. काकींना भीती होती ती एकाच गोष्टीची, चिन्हांची. लर्निंगच्या वेळी त्यांना शाळेची पोरं आणि भोंगा एवढीच दोन चित्रं विचारली गेली होती, आणि त्यात काय आहे ते दिसतच होतं. पण पक्क्या लायसनला गाडी चालवून झाली की साहेब फळ्यावरची अवघड चिन्हं विचारतात, असं मास्तरांनी बजावलं होतं.

"तू शिकिव की," काकी म्हणाल्या. "तुला तर सगळं इंग्लिश येतंय. तुज्यासारखं फाडफाड याला पायजे."

मला कुणी फाडफाड म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मी फुलून गेले. फुललेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत. साहेब इंग्रजीत विचारतात की मराठीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बाजारातून आणलेला चिन्हांचा रंगीत तक्ता इंग्रजीत होता. त्यावरून परीक्षाही इंग्रजीतच, असा मी निष्कर्ष काढला. खात्री करायला परिवहन कार्यालयाच्या चौकशीच्या खिडकीपाशी मी दोनदा गेले, हे खरं आहे. पहिल्यांदा रांग बघून परत आले. दुसऱ्यांदा रांग नव्हती. आतल्या माणसानं "काय पाहिजे?" विचारलं. मी "काही नाही" म्हणाले, नको असलेला एक फॉर्म घेतला आणि परत आले.

शिकवणी काकींच्या स्वयंपाकघरात होई, ऑफिस सुटल्यावर आणि रविवारी सकाळी. तक्ता फडताळाला चिकटवलेला. काकी परातीपुढं, मी पाटावर, आणि यजमान काका दाराशी खुर्चीवर, काळा चष्मा लावून. एक भाकरी, एक चिन्ह, असा काकींनी स्वतःच हिशेब लावला. पीठ थापताना नाव घ्यायचं, तव्यावर टाकताना पुन्हा घ्यायचं, उलटताना तिसऱ्यांदा.

"नॅरू ब्रिज अहेड."

"नॅरू नाही काकी, नॅरो."

"नॅरो ब्रिज अहेड. स्टीप डिसेंट. लूज ग्रॅव्हल. डेंजरस डिप." आणि भाकरी फुगली की, "झाली! पुढचं सांग."

मी उच्चारांवर फार मेहनत घेतली. ग्रॅव्हलमधला 'व्ह' नीट येईपर्यंत मी त्यांना सोडलं नाही. एकदा काकींची भाकरी करपली, पण माझा 'व्ह' आला. तीन आठवड्यांत त्या तक्त्याकडं पाठ करून, ओळीनं आणि उलट्या ओळीनं, चाळीस चिन्हं म्हणून दाखवायला लागल्या. शेजारच्या बायका ऐकायला यायच्या. एकदा एक जण म्हणाली, "मॅडम झालीस की गं!" तेव्हा काकींनी पिठाचे हात तोंडापुढं धरले.

एकदाच, अगदी एकदाच, काका खुर्चीवरून म्हणाले, "बाळ, तिला त्याचा अर्थ बी सांगत जा की."

"अर्थ चित्रातच असतो ना, काका," मी म्हणाले.

आज हे वाक्य लिहिताना कान गरम होतात. ज्या माणसानं वीस वर्षं गाडी चालवली त्याला मी हे सांगितलं. आणि खरं म्हणजे त्यातल्या निम्म्या चित्रांचा अर्थ मला तरी कुठं ठाऊक होता? लूज ग्रॅव्हल म्हणजे सुटी खडी, इथवर मला येत होतं. सुटी खडी दिसल्यावर गाडीचं काय करायचं, हा प्रश्न माझ्या शिक्षणात कधी आलाच नव्हता. शाळेत आम्ही बर्फात घालवलेल्या सुट्टीवर निबंध लिहिले होते, चांगले गुण मिळवले होते, आणि बर्फ पाहिला होता तो गोळेवाल्याच्या गाडीवर. नाव आलं की वस्तू आली, अशा समजुतीत मी वाढले. तीच समजूत मी काकींच्या परातीत नीट मळून दिली.

परीक्षेचा दिवस महिनाअखेरच्या चार दिवस आधीचा मिळाला. मास्तरांनी आम्हा दोघींना एकाच गाडीतून नेलं. काकींनी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं आणि वाटभर पुटपुटत होत्या. मी त्यांना अधूनमधून 'व्ह'ची आठवण करून देत होते.

काकींनी गाडी उत्तम चालवली. फेरी मारली, मागं घेतली, दोन खुंट्यांच्या मधोमध लावली, उतरून चप्पल घातली. मग माझी फेरी झाली, आणि आम्ही दोघी चिन्हांच्या रांगेत उभ्या राहिलो. काकींच्या पुढं एकच माणूस होता, गारगोटीकडचा, धोतर नेसलेला. साहेब चष्मा लावलेले, थकलेले पण आवाजात गोडवा असलेले. हातातल्या छडीनं त्यांनी फळ्यावरच्या एका चित्राला स्पर्श केला.

"पावणं, हे काय सांगतंय?"

"फुडं उतार हाय, साहेब."

"मग काय करणार?"

"गिअरमधीच उतरवायची. न्यूट्रल करायची न्हाय."

"शाबास. या तुम्ही."

माझ्या पोटात खड्डा पडला, आणि त्या खड्ड्याला तक्त्यात काय म्हणतात ते मला लगेच आठवलं, हेच माझं दुर्दैव. परीक्षा मराठीत होती. परीक्षा अर्थाची होती. काकींच्या खांद्याला हात लावून एवढं तरी सांगावं म्हणून मी हात उचलला, तेवढ्यात साहेब म्हणाले, "या, मावशी," आणि काकी पुढं गेल्या.

छडी टेकली. दोन रेषा, मध्ये चिंचोळ्या.

"नॅरो ब्रिज अहेड!" काकी म्हणाल्या. खणखणीत. रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. "अरे वा! म्हणजे काय, मावशी?"

काकी थांबल्या. त्यांना वाटलं, ऐकू गेलं नाही. "नॅरो ब्रिज अहेड," त्या अजून मोठ्यानं म्हणाल्या.

"ते कळलं. पण म्हणजे काय? मराठीत सांगा."

काकींनी तिसऱ्यांदा तेच नाव घेतलं. छडी दुसरीकडं गेली.

"स्टीप डिसेंट."

आत्ताच, त्यांच्या डोळ्यांदेखत, गारगोटीचा तो पाहुणा ह्याच चित्राचं उत्तर देऊन गेला होता. पण काकी तेव्हा डोळे मिटून आपली चाळीस नावं मनात म्हणत उभ्या होत्या. कारण मी त्यांना तेच शिकवलं होतं.

"इथं काय करायचं असतं, मावशी?"

काकींनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. वर्गात पोर बाईंकडं बघतं तसं, पुढचं सांगतील या भरवशानं. मी जमिनीकडं बघितलं. साहेबांनी छडी खाली ठेवली, कागद पुढं ओढला आणि पेनाचं टोपण काढत ते समजुतीनं म्हणाले, "असं करा मावशी, पुढल्या महिन्यात या. तुमची गाडी चांगली हाय, फक्त ही चिन्हं जरा समजून घ्या."

पुढल्या महिन्यात. म्हणजे फाटक बंद झाल्यावर.

काकी "बरं साहेब" म्हणाल्या. एवढंच. त्यांना माझं नाव घेता आलं असतं. 'ह्या पोरीनं असंच शिकिवलं' म्हणता आलं असतं. ज्या बाई चौकात माझ्याबद्दल अख्ख्या एसटीला ऐकू जाईल असं बोलल्या होत्या, त्या इथं माझ्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

मी रांग सोडून पुढं आले. पाय माझेच होते, पण ते मला विचारून निघाले नव्हते. टेबलापाशी उभी राहिले. साहेबांनी वर बघितलं. "तुमचा नंबर नंतर हाय."

"सर, ॲक्च्युअली..." मी म्हणाले, आणि तिथं माझं इंग्रजी संपलं. मागं रांगेत कोणीतरी हसलं. दाराशी मास्तर उभे होते. त्यांनी कान पुढं केला होता.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण त्यात माझी काही कर्तबगारी नाही. काकी एकदा बोलायला लागल्यावर साहेबांनी हात वर करीपर्यंत थांबल्या नाहीत. उतारावर गिअर कुठला, अरुंद पुलावर आधी कोण, खडीवर ब्रेक का दाबायचा नाही, आमटीचं भांडं कलंडू नये म्हणून वळण कसं घ्यायचं, सगळं. त्या बहुधा हे सगळं गेली कित्येक वर्षं काकांच्या शेजारच्या सीटवर बसून शिकल्या होत्या, फक्त कुणी विचारलं नव्हतं. साहेबांनी पुढं ओढलेला कागद सही करून परत दिला. एक तारखेला व्हॅन फाटकातून आत गेली. मी त्या दिवशी नापास झाले, चिन्हांत नाही, तर मघाशी मागं घेताना खुंटी पाडली होती म्हणून. दुसऱ्यांदाही झाले. तिसऱ्या वेळी पास झाले तेव्हा मागच्या सीटवर काकी होत्या, आणि त्या कुजबुजत होत्या.

पण त्या क्षणी यातलं काही मला माहीत नव्हतं. साहेब पेन धरून माझ्याकडं बघत होते. मी श्वास घेतला, आणि जे बोलले ते इतक्या मोठ्यानं बोलले की माझा मलाच आवाज ओळखू येईना:

"साहेब, त्यांची चूक न्हाय, माझी हाय. मीच त्यांच्याकडनं नुसती नावं पाठ करून घेतली, अर्थ सांगितलाच न्हाय. तुम्ही त्यांना चित्र दाखवू नका. तुम्ही असं विचारा की, काकी, व्हॅनमध्ये साठ डबे भरलेत, आमटी गरम हाय, आणि पुढं उतार लागलाय, तर गाडी कशी न्याल?"